नव्या गावची नभोवाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



“काहीतरी घरगुती विषयावर वीस मिनिटे बोला,” अशी मला आज्ञा झाली, तेव्हा मी जरा पेचातच पडले. घरगुती विषय म्हटला म्हणजे पाककृती, मुलांचे संगोपन आणि काटकसर. पाककृतींवर बोलण्याचा अधिकार माझ्याहून इथल्या कितीतरी जणींना अधिक आहे. मुले म्हणाल तर ती आता मोठी होऊन उलट आम्हालाच वळण लावू लागली आहेत. राहता राहिली काटकसर. परंतु आमच्या खजिनदारबाईंनी आत्ताच जमाखर्च वाचून दाखविल्यावर त्या विषयात मी काही भर घालावी असे उरलेले नाही. म्हणून मी घरातल्याच एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे रेडिओ.

आपण साऱ्याजणी बंगळूरला कुठून ना कुठून आलो आहोत. कुणी लग्न होऊन आली, कुणी यजमानांच्या बदलीपायी, कुणी स्वतःच्या नोकरीसाठी आणि माझ्यासारख्या काहीजणी उतारवयात मुलाच्या बिऱ्हाडी. नवीन आलेल्या बाईला आपण विचारतो, “गावाकडचे काय आठवते हो?” कुणी म्हणते माणसे, कुणी म्हणते ज्वारीची भाकरी, कुणी म्हणते गणपतीचे दिवस. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी चटकन म्हणाले, “सांगलीचा रेडिओ.” सगळ्या हसल्या. हसण्यासारखेच होते ते. रेडिओ काय, तो तर साऱ्या जगात वाजतो! परंतु मी थट्टा केली नव्हती. त्या उत्तरामागे काय होते ते आज जरा उलगडून सांगावे असे मनात आहे.

सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले ते 1963 साली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझे वडील हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. केंद्र निघणार असे ठरल्यावर आमच्या घरी रेडिओ आला. तो ठेवायला भिंतीत फळी ठोकली आणि आईने त्याच्यावर घालायला भरतकामाचे आच्छादन केले. त्या काळी रेडिओ बाळगायला टपालकचेरीतून परवाना घ्यावा लागे. त्याचे पुस्तक वडील घराच्या कागदपत्रांबरोबर पेटीत ठेवीत. यावरून त्या वस्तूचा मान किती होता ते लक्षात यावे. 1251 किलोहर्ट्झ हा आकडा आम्हा मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

त्याआधी आमच्याकडे रेडिओ ऐकत नसत असे नव्हे. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले होते. 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत घेऊन, गीतरामायणाची 56 गीते आठवड्याला एक या क्रमाने पुण्याहूनच प्रसृत झाली. आई सांगत असे की, गल्लीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर त्या वेळेला बसायला जागा मिळत नसे. एवढे मोठे काम एका प्रादेशिक केंद्राच्या हातून झाले, हे मला आजही महत्त्वाचे वाटते. ऐकणारे कोण आहेत, त्यांच्या ओठांवर कुठल्या ओव्या आणि कुठले अभंग आहेत, हे ठाऊक असणाऱ्या माणसांनीच ते करावे. दूर दिल्लीत बसून ते सुचले नसते.

तथापि पुणे ते पुणेच. सांगलीचे केंद्र आले आणि रेडिओ आमच्याशी बोलू लागला. हा फरक लहान नाही. पूर्वी आम्ही दुसऱ्यांचे बोलणे ऐकत होतो. आता आमच्याशी बोलणे होऊ लागले. बाजारभाव सांगताना सांगलीच्या हळदीचे आणि गुळाचे नाव येई. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तासगाव भागातला द्राक्षबागाईतदार आपल्याच बोलीत, आपल्याच हेलात बोले. त्याचे ‘न’ आणि ‘ण’ कुणी सुधारत बसत नसे. स्त्रियांच्या कार्यक्रमात मिरजेच्या डॉक्टरीणबाई बाळंतिणीच्या आहाराविषयी सांगत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाई दवाखान्यात भेटत. श्रोत्यांची पत्रे वाचली जात तेव्हा गावांची नावे ऐकताना आम्ही कान टवकारून बसत असू. एकदा आमच्याच गल्लीतल्या एका विधवा काकूंचे पत्र वाचले गेले. काकू चार घरची धुणीभांडी करून पोट भरीत. त्यांचे नाव सबंध जिल्ह्याने ऐकले. त्या दिवशी काकू कामावर नवे लुगडे नेसून गेल्या. पुढे कितीतरी वर्षे आमच्याकडे ‘पत्र वाचले त्या साली’ अशी कालगणना चालू होती!

घरातले घड्याळही रेडिओच होता. सकाळची भक्तिगीते लागली की चूल पेटलेली असावयाची. दिल्लीहून साडेआठच्या मराठी बातम्या सुरू झाल्या की वडील जेवायला बसावयाचे. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की शेजारच्या वहिनी निवडायचे तांदूळ सूपभर घेऊन आमच्या पडवीत येत. तांदूळही निवडून होत, कार्यक्रमही होई, आणि कार्यक्रमात सांगितलेल्या गोष्टींवर टीकाही यथास्थित होई. मैत्रिणींनो, आपल्या या मंडळाचे बी मला वाटते त्या पडवीत आहे.

11 डिसेंबर 1967 ची पहाट मला चांगली आठवते. मी तेरा वर्षांची होते. घर हलले, फडताळातली भांडी खाली आली आणि सगळी गल्ली रस्त्यावर उभी राहिली. काय झाले आणि कुठे झाले ते कुणालाच कळेना. आमच्या शेजाऱ्यांकडे बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर होता. तो त्यांनी ओट्यावर आणून ठेवला. सकाळच्या बातम्यांत कोयनानगरचे नाव ऐकले तेव्हा आमच्यातल्या दोन घरांत रडू उसळले, कारण त्यांची माणसे तिकडे धरणाच्या कामावर होती. बाकीच्यांनी त्यांना सावरले आणि दुपारपर्यंत दोघेजण त्या बाजूला रवाना झाले. बातमी वाईट होती, परंतु ती कळल्यावर कुणी काय करावयाचे ते प्रत्येकाला कळले. आपल्या जवळची बातमी वेळेवर कळणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले.

अशा रीतीने जवळजवळ पन्नास वर्षे ऐकून, 2012 साली आम्ही बंगळूरला आलो. सामानात ट्रान्झिस्टर होता. सांगलीपासून बंगळूर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. मध्यम लहरींवरचे केंद्र दिवसा जमिनीलगत प्रवास करते आणि काही अंतरावर क्षीण होत जाते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांत बदल होतो. दिवसा या लहरी शोषून घेणारा थर सूर्यास्तानंतर नाहीसा होतो. मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात. म्हणून रात्री लांबची केंद्रे लागतात. हे मला माझ्या मुलाने समजावून सांगितले आणि मी महिनाभर रात्री गच्चीत ट्रान्झिस्टर घेऊन बसले. कुठल्या कुठल्या भाषा आल्या, कुठली कुठली वाद्ये आली. सांगली काही आली नाही. घरात तर विजेच्या उपकरणांची इतकी खरखर, की भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज. मुलगा म्हणाला, “आई, इथे एफ.एम. ऐक.”

मी एफ.एम. लावले. त्या लहरी सरळ रेषेत जातात, फार दूर जात नाहीत, पण जिथवर जातात तिथवर आवाज अगदी स्वच्छ. आपल्या देशातले पहिले खासगी एफ.एम. केंद्र 2001 च्या जुलैत याच शहरात सुरू झाले, हेही मला तेव्हा कळले. आवाज उत्तम, गाणी भरपूर. बोलणारी मुले मात्र इतकी भरभर बोलत की श्वास कधी घेतात असा प्रश्न पडावा. तरुणांना ते आवडते आणि आवडावेही. परंतु दिवसभर ऐकूनही उद्या पाणी येणार की नाही, कुठला रस्ता कशासाठी खणला आहे, मंडईत कांद्याचा भाव काय, यातले काहीच हाती लागेना. त्याला त्या मुलांचा दोष नाही. अशा केंद्रांना परवाने देताना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच दिलेली नव्हती. ज्याला बातमी सांगता येत नाही त्याने गाणी लावावीत आणि विनोद करावेत, दुसरे काय करावे?

इथे तुम्ही म्हणाल की, गाणी हवी तर विविध भारती इथेही लागते. अगदी खरे. 1957 साली निघालेली विविध भारती सांगलीत होती तीच इथे आहे, आणि मी ती ऐकतेही. त्यावरूनच माझ्या लक्षात आले की, मला गाण्यांची चुटपुट नव्हती. जे सगळीकडे सारखे मिळते त्याची आठवण येत नाही.

पुढे आकाशवाणीची पुष्कळ केंद्रे मोबाइल फोनवर मिळू लागली. नातवाने एके दिवशी माझ्या फोनवर ती सोय करून दिली आणि सांगलीचे केंद्र लावून फोन माझ्या हातात ठेवला. भगिनींनो, खोटे कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आले. खरखर नाही, गच्ची नाही; शेजारच्या खोलीत बोलावे तसा सांगलीचा आवाज. चार-सहा महिने मी रोज सकाळी सांगलीच ऐकत होते.

आणि मग हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट जाणवू लागली. तिकडे पाऊस सांगत आणि माझ्या खिडकीबाहेर ऊन असे. हळदीचा भाव ऐकावा तर आता घरात विकायला पोते नाही आणि वडीलही नाहीत. ‘उद्या अमुक गावी शिबिर आहे, भगिनींनी अगत्य यावे’ असे ऐकले की मी क्षणभर उठायला होई आणि पुन्हा बसे. केंद्र तेच, भाषा तीच, ऐकणारी मीही तीच. मात्र त्या ‘यावे’मध्ये आता मी नव्हते.

हे सगळ्यांत तीव्रतेने कळले ते 2019 च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या माणसाला इर्विन पुलाचा आकडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. माझ्या धाकट्या भावाचे घर नदीकाठच्या भागात. मी इथे चौथ्या मजल्यावर कोरड्या खोलीत बसून तासातासाला पुलाचा आकडा विचारीत होते. तोच आकडा तिकडे ऐकणाऱ्याला सांगत होता: वरच्या मजल्यावर चला, गुरे सोडा, म्हातारीला उचला, धान्याची पोती हलवा. मला तो काहीच करायला सांगत नव्हता. नुसती काळजी देत होता. भाऊ सुखरूप बाहेर पडला. त्याला बाहेर काढले ते शेजाऱ्यांनी आणि होडी घेऊन आलेल्या अनोळखी पोरांनी. आकडा मला पाठ होता, पण मी त्याचे शेजारी नव्हते.

तेव्हापासून मी मनाशी असे म्हणते की, गावचा रेडिओ हा आवाज नव्हे, तो शेजार आहे. तो ऐकून उठता आले पाहिजे, कुठे तरी जाता आले पाहिजे, कुणाला तरी हाक मारता आली पाहिजे. लोणच्याची बरणी ट्रंकेत घालून आणता येते, पण गावची नभोवाणी तशी आणता येत नाही. ती ज्या गावची त्या गावातच राहते. मग नव्या गावात आलेल्या बाईने काय करावे? नव्या गावची ऐकावी.

“कानडी कुठे समजते आम्हाला?” असे म्हणाल, हे मला ठाऊक आहे. मलाही समजत नव्हती. परंतु एक गंमत ऐका. आपण ज्याला इतक्या आपलेपणाने ‘आकाशवाणी’ म्हणतो, ते नाव याच मुलखातून आलेले आहे. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली म्हैसुरात स्वतःच्या हौसेने एक लहानसे केंद्र चालू केले, त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव होते. पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने ते स्वीकारले. म्हणजे सांगलीत बसून मी जन्मभर उच्चारला तो शब्द म्हैसूरचा पाहुणा होता. आणि ज्या शहरात आपण ‘परक्या’ म्हणून राहतो ते बंगळूर एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. येणेजाणे जुने आहे. आपणच दार लावून बसावे याला कारण नाही.

म्हणून मी रोज सकाळी बंगळूर आकाशवाणीच्या कानडी बातम्या आणि त्यामागून लागणारे स्थानिक निवेदन ऐकू लागले. पहिल्या महिन्यात काहीही कळले नाही, फक्त आवाजांची ओळख झाली. दुसऱ्या महिन्यात गावांची आणि पेठांची नावे वेगळी ऐकू येऊ लागली: जयनगर, मल्लेश्वरम्, यशवंतपूर. मग शब्द. अक्का आणि अण्णा आपलेच. तूप म्हणजे ‘तुप्प’. आजी म्हणजे ‘अज्जी’. हळदीला ‘अरिशिन’ म्हणतात, हे मात्र निराळे. दिवाणजीची मुलगी असल्याने तो शब्द मी आधी पाठ केला! शेजारची तरुण मुलगी कचेरीतून आली की मी तिला पाच-सहा शब्द विचारी आणि ती सांगे. तिची आई लांब हासनकडे असते. ‘अज्जी’ म्हणून ती माझ्याकडे येऊ लागली ती या शब्दांच्या निमित्ताने.

2024 च्या उन्हाळ्यात या शहरात पाण्याचे किती हाल झाले ते तुम्ही सोसलेच आहे. कूपनलिका आटल्या, टँकरचे दर भडकले. सुमारे शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणलेले कावेरीचे पाणी, ते सगळ्यांना कुठवर पुरणार! त्या मार्च महिन्यात एका सकाळी मी निवेदन ऐकत होते. ‘नाळे’ म्हणजे उद्या, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘इल्ल’ म्हणजे नाही. आणि मध्ये आमच्या भागाचे नाव. चार शब्द. मी उठले, घरातली पिंपे भरली, आणि जिन्याने खाली जात जात प्रत्येक मजल्यावर सांगत गेले. दुसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण होती. तिच्या आईला तर मी पाणी भरायला हातभारही लावला. दुसऱ्या दिवशी खरोखरच पाणी आले नाही. इमारतीतल्या ज्या बायका मला ‘चौथ्या मजल्यावरच्या मराठी अज्जी’ म्हणत, त्या त्या दिवसापासून दारावर थांबून विचारू लागल्या, “अज्जी, आज रेडिओत काय?” बारा वर्षे राहून झाले नव्हते ते चार शब्दांनी झाले. ऐकून मी उठले होते. ‘यावे’ म्हणणाऱ्यांच्या मोजणीत पुन्हा आले होते.

आता मी मंडळाकडे वळते, कारण नुसत्या आठवणी सांगून खाली बसणे हे आपल्या प्रथेला धरून नाही. आपल्याकडे वर्धापनदिनी काहीतरी संकल्प करतात.

1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला होता. मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे खेडी निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे श्रवणमंडळ केले. आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर कार्यक्रम व्हावयाचा. मंडळाने तो एकत्र बसून ऐकावयाचा, लगेच त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे. असे वीस कार्यक्रम झाले. मग पाहणी केली. ज्या गावांत मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. मंडळ नव्हते अशाही काही गावांची तुलनेसाठी पाहणी केली होती, त्यांतल्या काहींत रेडिओ होताही. तिथे अशी भर पडली नव्हती. तात्पर्य काय, तर एकट्याने ऐकलेले कानावरून जाते आणि चौघांत ऐकलेले हाताला लागते. आमच्या पडवीतल्या तांदूळ निवडणाऱ्या बायकांना हे युनेस्कोच्या आधीच ठाऊक होते, ही गोष्ट निराळी.

दुसरे उदाहरण इथून जवळचे आहे. कोलार जिल्ह्यात बुडिकोटे नावाचे गाव आहे. तिथल्या महिला संघांच्या बायकांनी 2001 च्या सुमारास ‘नम्म ध्वनी’, म्हणजे ‘आपला आवाज’, या नावाने कार्यक्रम तयार करावयास सुरुवात केली. तेव्हा गावकऱ्यांना प्रक्षेपणाचा परवाना मिळत नसे. मग त्यांनी दूरचित्रवाणीच्या केबलच्या तारेतून आपला आवाज घरोघर पोहोचविला. परवाना नाही म्हणून बोलणे थांबविले नाही. आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटले होते. परंतु सामाजिक संस्थांना स्वतःचे छोटे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली ती 2006 साली. त्यानंतर 2008 मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी स्त्रियांनी चालविलेले ‘संगम रेडिओ’ सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, माणदेशी स्त्रियांचेही केंद्र निघाले. ही केंद्रे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे क्वचितच ऐकू जातात. परंतु पाणी, शाळा, दवाखाना आणि बाजार हे सगळे बाईच्या दृष्टीने दहा-पंधरा किलोमीटरच्या आतच असते, नाही का? अशा केंद्रांनी निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने करावेत असा नियमच आहे. बंगळुरातही अशी केंद्रे आहेत. म्हणजे आपण जाऊन दार ठोठावले तर आत घेण्याची सोय नियमातच करून ठेवली आहे.

माझी सूचना फार खर्चाची नाही. खजिनदारबाईंनी निश्चिंत असावे. आपल्या मंडळात दर गुरुवारी दुपारी भजन असते. त्याआधी अर्धा तास आपण एकत्र बसून या शहराचा रेडिओ ऐकावा. सकाळचे कानडी निवेदन कुणी तरी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणावे. आपल्यात चौघी-पाचजणी कानडी उत्तम जाणतात. त्यांनी ते आम्हाला वाक्यावाक्याने सांगावे. मग दहा मिनिटे चर्चा: यातले आपल्या कामाचे काय, कुणाला कळवावयाचे, कुणी जावयाचे. महिन्यातून एकदा मंडळाच्या वतीने केंद्राला एक पत्र लिहावे, आणि ते कानडीत लिहावे. पहिल्या पत्राचा कच्चा मसुदा मी केला आहे. तो शेजारच्या मुलीने तपासला आहे आणि त्यात तिने लाल शाईचे पुष्कळ दान केले आहे.

या गोष्टीचा सर्वांत अधिक उपयोग नुकत्याच आलेल्या भगिनींना होईल. आपण त्यांना मराठी दुकान कुठे आहे, पुरणाला चांगली डाळ कुठे मिळते, एवढे सांगतो. त्याने घर लागते, पण गाव लागत नाही. नवीन आलेली बाई दुपारी एकटी असते. फोनवर गावाकडचे ऐकते आणि आणखी एकटी होते. तिला गावाकडचे ऐकू नको असे मी म्हणणार नाही, मी स्वतः दर रविवारी सांगली ऐकते. परंतु आठवड्याचे सहा दिवस जिथे राहतो तिथले ऐकावे, म्हणजे तिथल्या माणसांच्या उपयोगी पडता येते. आणि उपयोगी पडल्याशिवाय कुठलेही गाव बाईला आपली म्हणत नाही, हे सासरी गेलेल्या आपणा साऱ्यांना सांगावयास नको.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी माझा जुना ट्रान्झिस्टर घेऊन येथे बसणार आहे. त्याच्या पट्ट्या मी नव्या आणल्या आहेत आणि बॅटऱ्याही. निवडायचे काही असेल तर सूप घेऊन यावे. हात रिकामे असले की कान भटकतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी कार्यवाहबाईंकडे नाव द्यावे.